‘बर्डीला उतरा’ म्हणजे नेमकं कुठं? : सीताबर्डी इंटरचेंज, धानाच्या गावातलं एक जोडपं आणि फक्कीने आखलेलं स्टेशन

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात, महामार्गापासून पाच-सहा किलोमीटर आत असलेल्या एका धानाच्या गावातलं हे प्रकरण आहे. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्यांनी “लिवा जी मास्तर, पण नाव नका टाकू” असं बजावलं, म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्यांना आबाजी आणि आजीच म्हणतो. गावही त्यांना त्याच नावाने हाक मारतं.

आबाजी बहात्तरचे, आजी त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. दोन एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, आहे. एकुलता एक मुलगा पुण्याकडे कंपनीत, सून आणि नातवंडं त्याच्याजवळ. आबाजी चौथी शिकलेले, पाटी सावकाश वाचतात. आजींना अक्षरओळख नाही. घरात एकच साधा मोबाईल, तो कायम आबाजींच्या बंडीच्या खिशात. हा मोबाईल पुढे महत्त्वाचा आहे.

आबाजींना हृदयाचा त्रास सुरू झाल्यापासून महिन्यातून एकदा नागपूरच्या पार दक्षिणेला, मिहानकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखवायला जावं लागायचं. नागपूरला जाणं त्यांना नवीन नव्हतं. पहाटेची एसटी, गणेशपेठचं बसस्थानक, तिथून ऑटो. एसटीत आबाजींना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट झालं. पैसा खायचा तो ऑटो. शहराच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला जायचं भाडं दोघांच्या एसटीच्या भाड्याच्या कितीतरी पट व्हायचं.

मग मेट्रो भंडारा रोडच्या बाजूने पारडीकडे प्रजापती नगरपर्यंत आली. आमच्याकडची एसटी तिकडूनच शहरात शिरते. म्हणजे पारडीला उतरायचं, प्रजापती नगरला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, खापरीला उतरायचं आणि तिथून थोडक्या पैशात ऑटो. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात एके दिवशी दोघं भलत्याच टोकाला पोचले आणि मग सीताबर्डीला त्यांची चुकामूक झाली.

स्टेशन कसं घडत गेलं

हा भाग जरा सविस्तर सांगतो. त्या दिवशीच्या गोंधळाचं मूळ स्टेशनच्या इतिहासात होतं, आणि ते मला फार उशिरा उमगलं.

सीताबर्डीला आमच्याकडे नुसतं ‘बर्डी’ म्हणतात, आणि जुन्या माणसांसाठी ‘बर्डी’ म्हणजे बाजार. लग्नाचा बस्ता बर्डीवर बांधायचा, भांडी बर्डीवर घ्यायची. वर टेकडीवर किल्ला. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई याच टेकड्यांवर झाली. पुढे १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोचली आणि टेकडीच्या पूर्वेला रुळांचं जाळं पसरलं. पण रेल्वेचं स्टेशन ‘नागपूर’, बर्डी ही वस्ती. बर्डी नावाच्या स्टेशनवर आमच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणीही कधी उतरलेलं नाही.

नागपूर मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झालं. ७ मार्च २०१९ ला खापरी ते सीताबर्डी या ऑरेंज मार्गाचं उद्घाटन झालं आणि मुंजे चौकातलं हे उंचावरचं स्टेशन लोकांसाठी उघडलं. तेव्हा तिथं एकच मार्ग होता आणि तो तिथंच संपत होता. जानेवारी २०२० मध्ये पश्चिमेकडून, हिंगणा रोडवरच्या लोकमान्य नगरातून ॲक्वा मार्ग आला. तोही सीताबर्डीलाच संपायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑरेंज मार्ग झिरो माईल आणि कस्तुरचंद पार्कपर्यंत दोन स्टेशनं पुढे सरकला. ११ डिसेंबर २०२२ ला उत्तरेकडे ऑटोमोटिव्ह चौक आणि पूर्वेकडे प्रजापती नगर जोडलं गेलं. तेव्हा कुठं सीताबर्डी चारही दिशांना गाड्या जाणारं स्टेशन झालं.

थोडक्यात, पावणेचार वर्षांत या स्टेशनाने तीन-चार रूपं बदलली. २०२० मध्ये ॲक्वा मार्गाने बर्डीला येणारा माणूस डोळे मिटून बसला असता तरी चाललं असतं, गाडी पुढे जातच नव्हती. २०२३ मध्ये तोच माणूस तसाच बसून राहिला तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचणार.

रचनेचं म्हणाल तर रस्त्यावरून आत शिरलं की वर चढायचं. तिकिटं, तपासणी आणि फाटकं एका मजल्यावर. दोन्ही मार्गांचे फलाट वेगवेगळ्या उंचीवर, कारण एक मार्ग दुसऱ्याला छेदून त्याच्यावरून जातो. मजले जोडायला जिने, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. मार्ग बदलताना फाटकाबाहेर पडायचं नसतं आणि नवं तिकीटही लागत नाही.

त्या दिवशी काय झालं

जुलै २०२३. रोवणीचे दिवस. गावात एकही हात रिकामा नव्हता, सोबत जायला कुणी मिळेना. आजींचा एक भाचा दोन वर्षं हिंगणा एमआयडीसीत कामाला होता, रोज मेट्रोने जायचा. आता तो रायपूरला असतो. त्याने फोनवर समजावून सांगितलं, “पारडीहून मेट्रोत बसा. बर्डी शेवटचं स्टेशन हाय. सगळे उतरतात, तुमीही उतरा. मंग वर्धा रोडची गाडी पकडा.”

भाच्याने मनापासून सांगितलं होतं आणि त्याच्या काळापुरतं ते बरोबरही होतं.

दोघं प्रजापती नगरला चढले. बर्डी आली तेव्हा पुष्कळ माणसं उतरली, पण बरीचशी बसून राहिली. आबाजींनी आजूबाजूला पाहिलं. ‘सगळे उतरतात’ ही त्यांची खूण होती आणि सगळे उतरले नव्हते. ते बसून राहिले. शेवटी गाडी रिकामी झाली ती लोकमान्य नगरला. बाहेर येऊन पाहतात तो रुंद रस्ता, कारखान्यांकडे जाणारे ट्रक. आजींनी विचारलं, “बर्डी इतकी बदलली का जी?”

पुन्हा तिकिटं काढून ते उलटे फिरले आणि या वेळी विचारून-विचारून सीताबर्डीला बरोबर उतरले. आता मजला बदलायचा होता. समोर सरकता जिना. आजी नऊवारी लुगडं नेसतात. पायऱ्या जमिनीतून उगवताना पाहून त्या तिथंच थबकल्या. काठ अडकला तर? एका मुलीने त्यांना हाताला धरून लिफ्टपर्यंत नेलं. आबाजी म्हणाले, “तू थ्या डब्ब्यातून ये, मी पायऱ्यायनं येतो.” लिफ्टचं दार उघडलं, लोक बाहेर पडले, त्यांच्याबरोबर आजीही बाहेर पडल्या. तो फाटकांचा मजला होता. आबाजी तोवर ऑरेंज मार्गाच्या फलाटावर जाऊन उभे राहिले होते.

यानंतरचं ऐकताना माझ्या पोटात कालवलं. अंभोऱ्याच्या यात्रेला नेताना लहान पोरांना आम्ही एकच शिकवतो, हरवलं तर जागचं हलायचं नाही. दोघांनी तेच केलं. आबाजी फलाटावर उभे, आजी फाटकाजवळ भिंतीला टेकून बसलेल्या. एकाच स्टेशनात, मध्ये फक्त मजल्याचा फरक, आणि दोघंही जागचे हलत नव्हते. मोबाईल आबाजींच्या खिशात. आजींना एकही नंबर पाठ नाही.

बऱ्याच वेळाने सुरक्षारक्षकाचं लक्ष गेलं. त्याने आस्थेने विचारपूस केली. सोबत कोण आहे? नाव काय? आजी गप्प. त्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. “आमचे हे” एवढंच त्या सांगत राहिल्या. शेवटी मुलाचं नाव आणि गावाचं नाव सांगितलं, त्यावरून शोधाशोध झाली आणि तासाभराने गाठ पडली.

रुग्णालयात पोचेपर्यंत नोंदणीची वेळ टळली होती. परतीला ऑटो, एसटी. घरी येऊन आजी म्हणाल्या, “आता मी थ्या मेट्रोत पाय नाई ठेवत.” पुढच्या महिन्याची तपासणी दोघांनी बुडवली. ऑगस्टच्या अखेरीस आबाजींच्या पायांवर सूज दिसली आणि गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई माझ्याकडे आल्या.

अडचण नेमकी कशात होती

सुरुवातीला मला हे सरळ माहितीचं काम वाटलं. भाच्याची माहिती जुनी होती, नवी द्यायची, संपलं. मी सुवाच्य अक्षरात कागदभर सूचना लिहिल्या. कुठं चढायचं, कितव्या स्टेशनला उतरायचं, कोणत्या पाटीखाली उभं राहायचं. स्वतःवर खूशही झालो.

आबाजींनी कागद पूर्ण वाचला, घडी केली आणि म्हणाले, “मास्तर, लिवलं थे समजते. पण गाडीतून उतरल्यावर मी उभा कुठं रायतो, थे समजत नाई.”

मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांपुढे स्टेशन कसं आहे ते काढून दाखवा. त्यांनी ओसरीवरच्या धुळीत बोटाने दोन समांतर रेघा ओढल्या. अल्याड फलाट, पल्याड फलाट, मधून आडवा पूल. ते वरठीचं स्टेशन होतं, आमचं भंडारा रोड. तिथं एका फलाटावरून दुसरा फलाट दिसतो, पलीकडे उभ्या माणसाला हाक मारता येते, आपली गाडी नजरेनं धरता येते. आमच्या गावासाठी स्टेशन म्हणजे हे. सगळं एका सपाटीवर आणि सगळं डोळ्यांसमोर.

सीताबर्डीला दुसरा फलाट समोर नसतोच, तो डोक्यावर किंवा पायाखाली असतो. शेजारी असूनही दिसत नाही. हा फरक माझ्या कागदात कुठंच नव्हता. मी नावांची माळ ओवून दिली होती, त्यांना हवी होती जागा. शिवाय ‘बर्डीला उतरा’ म्हटल्यावर त्यांच्या मनात बाजार उभा राहायचा, आणि बर्डीला उतरलेला माणूस साहजिकच रस्त्यावर जायला निघतो. गाडी बदलायला बर्डी, ही कल्पनाच नवी होती.

माझा कागद आबाजींनी निमूटपणे खिशात घातला असता तर मी पुढे काहीच केलं नसतं. ते बोलले, म्हणून गाडी पुढे सरकली.

समोर असलेले पर्याय

दरवेळी कुणीतरी सोबत जावं, हे सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचलं. पण परे (धानाची रोपं) टाकण्यापासून रोवणी आटोपेपर्यंत आणि पुन्हा कापणी-मळणीत इथं एका माणसाचा दिवस म्हणजे एका घराची मजुरी. एकदा जमेल, दर महिन्याला नाही. पुन्हा आबाजींना तो आधार नको होता. “दुसऱ्याचा दिवस मोडून मी दवाखान्यात नाई जात,” हे त्यांचं वाक्य ठाम होतं.

मेट्रो सोडून पुन्हा ऑटो हा पर्याय पैशात मोडत होता. गावातून दोन-तीन रुग्णांनी मिळून जीप करायचं निघालं, पण प्रत्येकाची तपासणीची तारीख वेगळी. मोबाईलवर नकाशा पाहणारं घरात कुणी नाही. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना विचारत जायचं, हे चांगलंच होतं आणि ते आम्ही ठेवलंही, पण विचारायला आधी ‘काय विचारायचं’ ते माहीत असावं लागतं.

‘स्टेशनं मोजत जा’ हा पर्याय मला सगळ्यात आवडला होता. आजींना वाचता येत नसलं तरी मोजता येतं. मी मोजणी ठरवलीही. तेवढ्यात नागपूर रेल्वे स्टेशन आणि सीताबर्डीच्या मधलं कॉटन मार्केट स्टेशन सुरू झालं. आकडा एकाने वाढला. माझा आकडा पाठ करून आजी गेल्या असत्या तर या वेळी एक स्टेशन आधीच उतरल्या असत्या. भाच्याची चूक मी दुसऱ्या वाटेने पुन्हा करणार होतो. तो पर्याय मी तिथंच सोडला.

राहिलं ते एकच. त्यांना जागेवर नेण्याआधी जागा इथं आणायची.

काय केलं

ऑक्टोबरात दोन रविवार मी सीताबर्डीला गेलो. वही घेऊन प्रजापती नगरहून आलो, उतरलो, ऑरेंज मार्गावर गेलो, परत आलो. आधी पावलं मोजली, मग लक्षात आलं की पावलांचा उपयोग नाही, डब्याचं दार कुठं उघडेल ते आपल्या हातात नसतं. कायम राहतात त्या तीन गोष्टी : मार्गाचा रंग, पाटीवरचं शेवटच्या स्टेशनचं नाव आणि बाण. आजी जिथं बसल्या होत्या त्या बाजूलाही थोडा वेळ उभा राहिलो. तिथून एकही गाडी दिसत नाही, फक्त वरखाली घरघर ऐकू येते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या पोरांना घेऊन शाळेच्या मैदानावर स्टेशन आखलं. खो-खोचं मैदान आखायची फक्की होतीच. तिच्यात गेरू मिसळून ऑरेंज मार्ग केला आणि कपड्यांची नीळ मिसळून ॲक्वा. ‘ॲक्वा’ हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. बचत गटातल्या एका बाईंनी तो रंग पाहून “आस्मानी म्हणा ना” असं सांगितलं आणि तेच नाव पडलं. संत्री गाडी आणि आस्मानी गाडी.

पहिला प्रयत्न फसला. मैदान सपाट होतं, त्यामुळे दोन रंगांच्या रेघा एकमेकींना छेदणारा चौक तयार झाला आणि आबाजी सरळ एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर चालत गेले. मैदानात ते बरोबर होतं, स्टेशनात अशक्य. ज्या सपाटीने घोटाळा केला होता, तीच मी पुन्हा आखून बसलो होतो. एका पोरीने सुचवलं, “सर, एक गाडी गच्चीवर नेऊ.”

शाळेच्या इमारतीला बाहेरून गच्चीवर जाणारा जिना आहे. एक मार्ग मैदानात, दुसरा गच्चीवर, आणि जिन्याच्या मधल्या चौथऱ्यावर दोन बाकं आडवी लावून फाटक. फाटकाशी एक पोरगा शिपाई होऊन उभा. क्यूआर छापलेल्या तिकिटासारखे कागद पोरांनी बनवले. आजींनी सवयीने तिकीट पदराच्या गाठीत बांधलं. अशी गाठ मारली की कागद चुरगळतो, घामाने ओला होतो आणि बाहेर पडताना यंत्राला वाचता येत नाही. म्हणून तिकीट ठेवायला पोरांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं पाकीट शिवून दिलं.

इथं एक निर्णय घ्यावा लागला. कोणती गाडी वर आणि कोणती खाली हे पाठ करून घ्यायचं का? आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं मत पाठ करून घ्यावं असं होतं, वृद्ध माणसाला एक पक्की खूण बरी. मला भीती वाटत होती की जाताना ‘वर’ असेल ते येताना ‘खाली’ होईल आणि घाईत उलटसुलट होईल. बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही वर-खाली शिकवलंच नाही. एका दिवशी संत्री गाडी गच्चीवर ठेवली, दुसऱ्या दिवशी मुद्दाम अदलाबदल करून आस्मानी वर नेली. आबाजी आधी रागावले, “काल त इथं होती!” मग रंग शोधायला लागले. तिसऱ्या दिवशी ते जिन्याशी येऊन थांबायचे, रंग पाहायचे, मग पाऊल उचलायचे. ते थांबणं आम्हाला हवं होतं.

शेवटच्या स्टेशनचं नाव मात्र त्यांना पटकन पटलं. एसटीच्या पाटीवरही शेवटच्या गावाचं नाव असतं. मधल्या गावाला उतरणारा माणूस त्या नावावरूनच गाडी ओळखतो. “म्हणजे खापरीची पाटी पाहाची, बस्स,” आबाजी म्हणाले. ॲक्वाच्या पाट्यांवर लोकमान्य नगर आणि प्रजापती नगर, ऑरेंजच्या पाट्यांवर खापरी आणि ऑटोमोटिव्ह चौक. चार नावं, चार दिशा.

यात्रेचा नियम बदलणं सगळ्यात अवघड गेलं. ‘हरवलं तर जागचं हलू नको’ हे सत्तर वर्षं अंगात मुरलेलं. त्याऐवजी आम्ही ठरवलं की चुकामूक झाली तर दोघांनीही फाटकाशी यायचं, फाटकाच्या आतच थांबायचं आणि गणवेशातल्या माणसाला कार्ड दाखवायचं. चुकामूक होऊच नये म्हणून एक कडक नियम : लिफ्टने गेले तर दोघंही लिफ्टने. एकाने जिना आणि एकाने लिफ्ट, हे बंद. मैदानातल्या सरावात आम्ही आजींना मुद्दाम वेगळं केलं आणि त्या फाटकाशी येतात का ते पाहिलं. पहिल्या दोन वेळा त्या जागेवरच बसून राहिल्या. तिसऱ्या वेळी आल्या, आणि शिपाई झालेल्या पोराच्या गालावरून हात फिरवला.

कार्ड रेशनकार्डाएवढं. एका बाजूला आस्मानी पट्टा आणि मोठ्या अक्षरात प्रजापती नगर, दुसऱ्या बाजूला संत्री पट्टा आणि खापरी. खाली आबाजींचं पूर्ण नाव आणि माझा फोन नंबर. नाव लिहिलेलं असल्यामुळे आता ते आजींच्या तोंडातून काढायची कुणाला गरज नव्हती.

पुढे काय झालं

डिसेंबरात पहिली फेरी. मी त्याच गाडीने गेलो, पण दुसऱ्या डब्यात बसलो. मदतीला धावायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं आणि ते पाळताना जीव खालीवर झाला. सीताबर्डीची घोषणा झाली, दोघं उतरले. आजी थेट पाटीपाशी गेल्या आणि कार्ड डोळ्यांसमोर धरून अक्षर जुळवू लागल्या. ‘ख’ची गोलाई पाहिली, पाटी पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं. मागून माणसं वाट काढत जात होती. मग त्यांनी आबाजींचा दंड धरला आणि दोघं लिफ्टकडे वळले.

वर्धा रोडवर गाडी जिथून जाते तो दुमजली पूल आहे. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची २०२२ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली होती. आजी खिडकीतून खाली पाहतच नव्हत्या. पण खापरीला रूळ जमिनीवर उतरले, तेव्हा त्यांनी मोकळा श्वास सोडला आणि म्हणाल्या, “हे स्टेसनावानी दिसते.”

त्या दिवशी तपासणी वेळेत झाली. जानेवारीत दोघं आपले आपण गेले आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत आले. त्यानंतर महिना चुकलेला नाही.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. फेब्रुवारीत परतताना प्रजापती नगरला उतरून दोघं भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले. दोन गाड्या न थांबता गेल्या, ते उभे होते तो थांबाच नव्हता. अंधार पडल्यावर एका टेम्पोवाल्याने आणून सोडलं. गावातल्या मोतीबिंदू झालेल्या एका काकाजींनी दोन दिवस सराव करून स्पष्ट सांगितलं की रंगच नीट दिसत नाहीत, हे आपल्याच्याने होणार नाही. ते मुलाबरोबरच जातात, आणि त्यांनी ते वेळेत सांगितलं हे बरं झालं. सिकलसेलच्या उपचारासाठी मुलीला घेऊन जाणाऱ्या एका आईला कार्डाची गरजही पडली नाही, एकदा गच्चीवर जाऊन-येऊन तिला सगळं कळलं.

वेगळं काय करायला हवं होतं

सगळ्यात मोठी चूक वेळेची. जुलैत घटना घडली, मला ऑगस्टच्या अखेरीस कळली आणि सराव नोव्हेंबरात झाला. मधली तपासणी बुडाली ती बुडालीच. मैदान, पोरं, रंग हे सगळं सावकाश करण्यासारखं होतं, पण तेवढ्या अवधीत एक-दोनदा मी स्वतः सोबत जायला हवं होतं. मी उपाय शोधण्यात रमलो आणि रुग्ण मागे राहिला.

दुसरं, आम्ही बर्डी इतकी घोटून घेतली की पारडी विसरलो. प्रवास अडला होता मधल्या स्टेशनवर, म्हणून सगळं बळ तिथं लावलं. एसटी कुठं थांबते, परतीला कुठं उभं राहायचं, हे घरून निघण्याइतकंच महत्त्वाचं होतं. फेब्रुवारीनंतर मी वाहकांना विचारून थांबा नक्की केला आणि मैदानाच्या कडेला तोही आखला.

भाच्याला मी मनातल्या मनात बराच दोष दिला होता, तो मागे घेतो. त्याची माहिती खोटी नव्हती, तिच्यावर तारीख नव्हती एवढंच. आमच्या कार्डाचंही तसंच होणार आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली आहे, ४३.८ किलोमीटरच्या. त्यात प्रजापती नगरच्या पुढे ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत आणि मिहानच्या पुढे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीकडे मार्ग जाणार आहे. तिकडे गाड्या धावू लागल्या की ‘प्रजापती नगर’ आणि ‘खापरी’ या आमच्या दोन्ही खुणा पाट्यांवरून हलतील आणि आजी नसलेलं अक्षर शोधत उभ्या राहतील. म्हणून आता प्रत्येक कार्डाच्या मागे महिना आणि साल लिहितो, आणि दरवर्षी दिवाळीनंतर एकदा सीताबर्डीला जाऊन पाट्या वाचून येतो.

मृगाच्या पहिल्या पावसात मैदानातली फक्की धुऊन गेली. दिवाळीनंतर पोरं पुन्हा आखायला बसली तेव्हा आजी कुंपणापाशी उभ्या होत्या. फाटकाजवळ लिफ्टचा चौकोन काढलेला पाहून त्या आत आल्या, चपला काढून ठेवल्या आणि पायाने तो चौकोन पुसला.

“इथं नाई जी मास्तर. फाटकातून आत आलं का उजव्या अंगाले दोन पावलं पुढं.”

पुढच्या रविवारी जाऊन पाहिलं. लिफ्ट त्या म्हणाल्या तिथंच होती.